एक संसार, किती करदाते? अमेरिकेतल्या नवरा-बायकोच्या प्राप्तिकराची शंभर वर्षं



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा आणि प्राप्तिकराचा संबंध काय? कर कसा वाचवावा हे सांगायला मी आलेलो नाही. ते काम सनदी लेखापालांचं आहे. माझा प्रश्न जुना आहे. लग्न झालं म्हणजे दोन माणसं दोनच राहतात, की त्यांचं मिळून एक काहीतरी होतं? आम्ही तत्त्वज्ञानवाले असा प्रश्न शतकानुशतकं लोंबकळत ठेवू शकतो. अमेरिकेच्या करखात्याला ती चैन नाही. त्याला दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत उत्तर लागतं, आणि तेही एका छोट्या चौकटीत खूण करून.

अमेरिकेत विवाहित माणसाला दोन रस्ते असतात. नवरा-बायकोने मिळून एकच विवरणपत्र भरायचं, म्हणजे संयुक्त. नाहीतर दोघांनी आपापलं भरायचं, म्हणजे स्वतंत्र. आता बघा, 'स्वतंत्र' भरणं म्हणजे 'अविवाहित' म्हणून भरणं नव्हे. विवाहित माणसाला अविवाहिताच्या चौकटीत परत जाता येत नाही. आणि तुम्ही विवाहित आहात की नाही, हे ठरतं ३१ डिसेंबरला. त्या दिवशी लग्न झालेलं असेल तर तुम्ही वर्षभर विवाहित होतात असं कायदा धरून चालतो. हा ३१ डिसेंबर लक्षात ठेवा, पुढे तो गंमत करणार आहे.

ही निवड आली कुठून? आरंभापासून बघू.

इंग्रजी कायद्याचा जुना विचार असा, की लग्नानंतर बायकोचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होतं. ब्लॅकस्टोनने १७६५ मध्ये आपल्या सुप्रसिद्ध भाष्यात हे तत्त्व मांडलं, आणि अमेरिकेतल्या वकिलांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. एकोणिसाव्या शतकात एकेका राज्याने कायदे करून विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता आणि स्वतःची कमाई दिली. म्हणजे १९१३ मध्ये अमेरिकेत आधुनिक प्राप्तिकर आला, तेव्हा बहुतेक राज्यांत उत्तर असं होतं, की जो कमावतो त्याची कमाई. त्या वर्षी राज्यघटनेची सोळावी दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबरमध्ये कायदा आला. कर कसला, चिमूटभर. दर १ टक्क्यापासून सुरू, आणि अतिश्रीमंतांना जास्तीत जास्त ७ टक्के. अविवाहिताला ३,००० डॉलरपर्यंत माफी, एकत्र राहणाऱ्या जोडप्याला ४,००० डॉलरपर्यंत. इतकी कमाई त्या काळी थोड्याच लोकांची होती. तेव्हा करदाता एकटा माणूस की जोडपं, हा प्रश्न कुणाच्या गावीही नव्हता.

पहिल्या महायुद्धाने तो गावात आणून सोडला. १९१८ मध्ये सर्वांत वरचा दर ७७ टक्क्यांवर गेला. जोडप्यांना संयुक्त विवरणपत्र भरायची मुभाही त्याच काळात मिळाली, पण दरांचा तक्ता सगळ्यांना एकच होता. चढत्या दराचा कर म्हणजे काय? पहिल्या पायरीवरच्या पैशाला कमी दर, वरच्या पायरीवरच्या पैशाला जास्त. मग नवऱ्याची सगळी कमाई एका नावावर ठेवण्यापेक्षा अर्धी बायकोच्या नावावर दाखवली, तर दोघंही खालच्या पायऱ्यांवर बसतात आणि कर घटतो. हे गणित कळायला वकील लागत नाही. पण ते कायद्यात बसवायला मात्र लागतो.

असाच एक वकील होता कॅलिफोर्नियात, गाय अर्ल. त्याने १९०१ मध्ये, म्हणजे प्राप्तिकर यायच्या बारा वर्षं आधी, बायकोशी करार केला होता, की आपण दोघं जे काही कमावू ते दोघांच्या सामाईक मालकीचं. तारीख पाहा. कर चुकवायला केलेला हा करार नव्हे, कारण चुकवायला करच नव्हता. १९२० आणि १९२१ या वर्षांच्या पगाराबद्दल वाद झाला. अर्लचं म्हणणं, अर्धा पगार माझा, अर्धा बायकोचा. मार्च १९३० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तो लिहिला न्यायमूर्ती होम्स यांनी. करार खरा असेल, वैधही असेल. पण पगार ज्याने कमावला त्याच्यावरच कर. होम्स यांनी झाडाची आणि फळाची उपमा वापरली. फळ ज्या झाडाला लागलं त्याच झाडाचं. करारनामा करून ते दुसऱ्या झाडाला लागलं असं दाखवता येणार नाही.

ठीक. आता त्याच वर्षीचा नोव्हेंबर घ्या. न्यायालय तेच. या वेळी वॉशिंग्टन राज्यातलं सीबॉर्न जोडपं. नवरा कमावता. १९२७ सालासाठी दोघांनी स्वतंत्र विवरणपत्रं भरली आणि प्रत्येकाने अर्धी अर्धी कमाई दाखवली. न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या निकालानुसार सीबॉर्न जिंकले! का? कारण वॉशिंग्टनच्या कायद्यानुसार लग्नानंतरची कमाई ही मुळातच दोघांची सामाईक असते. अर्लचा पगार आधी त्याचा झाला आणि मग कराराने बायकोचा. सीबॉर्नची कमाई मात्र एक क्षणभरही एकट्या नवऱ्याची नव्हती, असा युक्तिवाद.

आठ महिन्यांच्या अंतराने दोन निकाल. तर्कशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, भेद आहे. मालकी मुळात कुणाची, हा तो भेद. बरोबर. पण जरा वॉशिंग्टनमधल्या त्या घरात जाऊन बघा. सामाईक मालमत्तेचा कारभार कोण पाहत होतं? कायद्यानेच नवरा. पैसा गुंतवायचा तो नवरा, विकायचं काय ते नवराच ठरवणार. बायकोचा अर्धा हिस्सा कागदावर पक्का, पण हातात काय? अर्ल आणि सीबॉर्न यांच्या घरांतला रोजचा व्यवहार कदाचित सारखाच असेल. कराचा आकडा मात्र वेगळा, कारण अर्लची वाटणी कराराची, आणि सीबॉर्नची एका वेगळ्या कुळाच्या कायद्याची.

हे कुळ कुठलं, ते आपल्याला ओळखीचं वाटेल. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, नेवाडा, आयडाहो, वॉशिंग्टन आणि लुइझियाना या आठ राज्यांत ही सामाईक मालमत्तेची पद्धत होती. त्यांतल्या बऱ्याच प्रदेशांवर आधी स्पेनचा, मेक्सिकोचा किंवा फ्रान्सचा अंमल होता, आणि राज्यकर्ते गेले तरी कायदा राहिला. आता नकाशा उलगडून इकडे या. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्यानुसार वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. मग भारतीय प्राप्तिकरापुढे तोच पेच उभा राहिला, जो वॉशिंग्टन राज्याने उभा केला होता. १९९४ मध्ये आपल्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ घातलं गेलं आणि त्याचा अंमल १ एप्रिल १९६३ पासून, म्हणजे मागे नेऊन धरला. त्या कलमाचा आशय असा: पगार ज्याने मिळवला त्याच्याच नावे, पण घरभाडं, धंद्याचा नफा अशी बाकीची मिळकत दोघांत निम्मी निम्मी. गंमत बघा, पगाराला अर्लचा न्याय आणि भाड्याला सीबॉर्नचा! म्हापशातलं जोडपं आणि सावंतवाडीतलं जोडपं यांचं भाड्याचं उत्पन्न सारखं असलं, तरी कराचा हिशेब वेगळा. मधे फक्त एक सीमा, आणि तिच्या मागे इतिहास.

असो, परत अमेरिकेत जाऊ. १९३० नंतर तिथे दोन प्रकारची जोडपी झाली. आठ राज्यांतली, ज्यांची कमाई आपोआप दुभंगते. आणि बाकीची, ज्यांची दुभंगत नाही. हा अन्याय दूर करायला १९४१ मध्ये एक प्रस्ताव आला, की देशभर सगळ्या जोडप्यांना संयुक्त विवरणपत्र सक्तीचं करा, सगळी कमाई एकत्र मोजा. मग विरोधात कोण कोण उभं राहिलं पाहा. आठ राज्यांचे प्रतिनिधी, कारण त्यांची सवलत जाणार. स्त्री-हक्कांच्या संघटना, कारण बायकोची कमाई पुन्हा नवऱ्याच्या कमाईत बुडणार. आणि धर्मगुरूसुद्धा, कारण लग्नावर कर लागला तर लोक लग्न करतील कशाला! इतकी निरनिराळी माणसं एका बाजूला क्वचितच दिसतात. प्रस्ताव पडला.

आणि लगेच युद्ध आलं. त्या युद्धाने अमेरिकेचा प्राप्तिकर श्रीमंतांपुरता न राहता सर्वसामान्यांचा झाला. १९३९ मध्ये कर भरणारे सुमारे ४० लाख होते, १९४५ मध्ये ते ४ कोटींच्या वर गेले. १९४३ पासून पगारातूनच कर कापायला सुरुवात झाली. १९४४ मध्ये वरचा दर ९४ टक्के. आता कमाई दुभंगण्याचा फायदा मध्यमवर्गालाही दिसू लागला, आणि बाकीच्या राज्यांतले मतदार आपल्या आमदारांना विचारू लागले, की टेक्सासवाल्यांना मिळतं ते आम्हाला का नाही?

तेव्हा राज्यांनी काय करावं? आपला विवाह-कायदाच बदलला! ओक्लाहोमाने १९३९ मध्ये ऐच्छिक सामाईक मालमत्ता आणली. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ऐच्छिक म्हणजे करारच झाला, तो अर्लच्या निकालात बसतो, चालणार नाही. मग ओक्लाहोमाने १९४५ मध्ये ती सक्तीची केली. त्याच वर्षी हवाई. १९४७ मध्ये ऑरेगन, नेब्रास्का, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया. पेनसिल्व्हेनियाचा कायदा तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला.

थोडं थांबून विचार करा. बायकोला नवऱ्याच्या कमाईत अर्धा वाटा देणं ही केवढी मोठी गोष्ट! स्त्रियांच्या चळवळीने मागून मिळाली नसती, ती गोष्ट कर वाचवण्यासाठी आमदारांनी भराभर देऊन टाकली. आणि कर वाचवण्याचा दुसरा रस्ता निघाल्याबरोबर, १९४९ च्या सुमारास, ती तितक्याच भराभर काढूनही घेतली. ज्या हक्कामागे हिशेबापलीकडे काहीच उभं नसतं, तो हिशेब बदलला की जातो. या प्रकरणातून एवढं एक वाक्य घरी न्यावं, असं मला वाटतं.

तो दुसरा रस्ता म्हणजे १९४८ चा महसूल कायदा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदल्या वर्षी करकपातीची दोन विधेयकं नाकारली होती. हेही नाकारलं, महागाई वाढेल आणि फायदा वरच्या वर्गाला होईल, असं त्यांचं म्हणणं. पण या वेळी विधेयकात जोडप्यांची वाटणी होती. दोन्ही पक्षांची पुरेशी मतं जमली, आणि २ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा नकार ओलांडून कायदा झाला. तरतूद साधी होती. देशातल्या कुठल्याही जोडप्याने संयुक्त विवरणपत्र भरावं. दोघांची कमाई एकत्र करावी, तिचे दोन भाग करावेत, एका भागावरचा कर काढावा आणि त्याची दुप्पट भरावी. कमाई कुणी केली, मालकी कुणाची, काही विचारायचं नाही. अर्ल आणि सीबॉर्न यांच्यातला भेद एका ओळीत मिटला.

भांडण मिटलं का? नाही. कारण त्याच्या तळाशी एक पेच आहे, आणि तो तर्काचा आहे. १९७० च्या दशकात बोरिस बिटकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी तो फार स्पष्ट मांडला. मी सोप्या आकड्यांत सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

एक काल्पनिक देश. ५० हजारांपर्यंत कर नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. दोन जोडपी. पहिल्यात नवरा १ लाख कमावतो, बायको घर सांभाळते. दुसऱ्यात दोघं ५०-५० हजार कमावतात. लग्नाआधी पहिला नवरा १० हजार कर भरत होता. दुसऱ्या जोडप्यातलं कुणीच काही भरत नव्हतं. आता तीन गोष्टी तुम्हाला न्याय्य वाटतील. पहिली, जास्त कमाईवर चढता दर. दुसरी, दोन घरांची एकूण कमाई सारखी तर कर सारखा. तिसरी, लग्न केल्याने कुणाचा कर वाढू नये, घटूही नये. तिन्ही एकत्र करून बघा. दोन्ही घरांत कमाई १ लाख, म्हणून कर सारखा लावायचा. शून्य लावला? मग पहिल्या नवऱ्याचे १० हजार लग्नाने वाचले. १० हजार लावला? मग दुसऱ्या जोडप्याला लग्न १० हजारांना पडलं. मधे ५ हजार लावला? एकाला बक्षीस, दुसऱ्याला दंड. काहीही करा, तिसरी अट मोडते. ती सांभाळायची तर दोघांना वेगळं मोजा. मग सारख्या कमाईच्या दोन घरांना वेगळा कर, दुसरी अट मोडली. दोन्ही सांभाळायच्या तर सगळ्यांना पहिल्या रुपयापासून एकच सपाट दर लावा; पहिली मोडली.

हा कायदा करणाऱ्यांच्या बुद्धीचा दोष नव्हे. ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलं, की समानांना समान वागवणं म्हणजे न्याय. पण समान कोण? माणूस आणि माणूस, की घर आणि घर? ते न्यायाचं सूत्र सांगत नाही, ते तुम्हाला ठरवावं लागतं. आणि ठरवलं की कुणीतरी दुखावतंच.

१९४८ मध्ये दुखावली गेली ती एकटी माणसं. अविवाहित, घटस्फोटित, विधवा. सारख्याच कमाईवर अविवाहिताचा कर काही ठिकाणी जोडप्याच्या करापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त पडे. १९५१ मध्ये मुलंबाळं सांभाळणाऱ्या एकट्या कुटुंबप्रमुखांसाठी थोडी सवलत आली, पण तेवढीच. कनेक्टिकटमधल्या व्हिव्हियन केलेम्स या उद्योजिकेने यावर मोहीमच उघडली. १९४८ मध्ये याच बाईंनी आपल्या कामगारांच्या पगारातून कर कापायला नकार देऊन सरकारशी भांडण मांडलं होतं. १९६५ पासून १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या करखात्याला कोरं विवरणपत्र सही करून पाठवत राहिल्या. त्यांच्यासारख्यांच्या आवाजामुळे १९६९ च्या कायद्यात एकट्यांसाठी नवा तक्ता आला. सारख्या कमाईवर अविवाहिताचा कर जोडप्याच्या करापेक्षा २० टक्क्यांहून जास्त असू नये, असं तत्त्व ठरलं, आणि १९७१ पासून ते लागू झालं.

पण तर्काचा पेच आठवतोय ना? एकट्यांचा भार हलका केल्याबरोबर, साधारण सारखं कमावणाऱ्या दोन एकट्या माणसांनी लग्न केलं तर त्यांचा कर वाढू लागला. यालाच लग्नदंड म्हणू लागले. आणि हा काळ कुठला? १९७० चं दशक, जेव्हा अमेरिकन बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या. म्हणजे नेमका ज्या घरांना दंड, त्या घरांची संख्या वाढत होती. स्वतंत्र विवरणपत्र भरूनही सुटका नव्हती, कारण विवाहित-स्वतंत्रांसाठी तक्ता वेगळा, आणि जास्त दराचा.

इथे तो ३१ डिसेंबर कामाला आला. मेरीलँडमधल्या एका सरकारी नोकर जोडप्याने १९७५ मध्ये डिसेंबर अखेरीस हैतीत जाऊन घटस्फोट घेतला आणि जानेवारीत परत लग्न केलं. १९७६ मध्ये पुन्हा तेच, या वेळी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये. कराची बचत प्रवासखर्चापेक्षा जास्त! करखात्याला हे अर्थातच रुचलं नाही, प्रकरण कर-न्यायालयात गेलं, आणि १९८० मध्ये न्यायालयाने म्हटलं, मेरीलँडच्या कायद्यापुढे हे घटस्फोटच खरे नाहीत. लोक हसले. पण हसण्याआधी त्या दोघांचा मुद्दा ऐकायला हवा. ते म्हणत होते, आम्ही दोघं राबतो, कमावतो, आणि फक्त विवाहित आहोत म्हणून जास्त भरतो.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. १९८१ मध्ये दोघं कमावत असतील तर कमी कमाई असलेल्याच्या मिळकतीवर १० टक्के वजावट आली, जास्तीत जास्त ३,००० डॉलर. १९८६ मध्ये ती गेली. २००१ आणि २००३ च्या कायद्यांनी खालच्या पायऱ्या आणि प्रमाणित वजावट जोडप्यासाठी दुप्पट केली. २०१७ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या पायऱ्या दुप्पट केल्या, सर्वांत वरची सोडून. २०१८ मध्ये ३७ टक्क्यांची पायरी अविवाहिताला ५ लाख डॉलरवर होती, जोडप्याला १० लाखांवर नव्हे, ६ लाखांवर. त्यामुळे दंड मधल्या वर्गातून बराचसा गेला. पूर्ण गेला नाही: राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर त्याच कायद्याने १० हजार डॉलरची मर्यादा घातली, ती एकट्याला जेवढी तेवढीच जोडप्याला.

पण दंड-बक्षिसाच्या हिशेबात एक गोष्ट दिसत नाही. एडवर्ड मॅकॅफरी यांनी १९९७ मध्ये 'टॅक्सिंग विमेन' या पुस्तकात ती मांडली. समजा नवरा आधीच वरच्या पायरीवर आहे. बायको विचार करते, मुलं शाळेत जायला लागली, आता नोकरी धरावी. संयुक्त विवरणपत्रात तिची कमाई नवऱ्याच्या कमाईच्या वर रचली जाते. म्हणजे तिच्या पहिल्या डॉलरला नवऱ्याच्या शेवटच्या डॉलरचा दर. एकटी असती तर तो पहिला डॉलर करमुक्त असता. त्यात पाळणाघराचा खर्च वजा करा, जाण्यायेण्याचा वजा करा. घरात हिशेब होतो आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "उरतं काय मग? कशाला एवढी धावपळ?" कायद्याने तिला घरी बस असं कुठेही म्हटलेलं नाही. कायदा स्त्री-पुरुष असा भेदही करत नाही. पण घरात कुणाची कमाई 'दुसरी' धरली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट सहीची. संयुक्त विवरणपत्रावर दोघं सही करतात आणि १९३८ पासून कायदा सांगतो, की त्या कराची जबाबदारी दोघांची मिळून आणि प्रत्येकाची पूर्णसुद्धा. नवऱ्याने धंद्यातली कमाई लपवली, बायकोने न वाचता सही केली, पुढे घटस्फोट झाला, नवरा परागंदा. करखातं सगळी रक्कम बायकोकडून मागू शकतं. अर्धी नव्हे, सगळी. अशी बरीच प्रकरणं झाल्यावर १९७१ मध्ये 'निर्दोष जोडीदारा'साठी सुटकेची तरतूद आली, आणि १९९८ मध्ये ती खूप रुंदावली. आज तीन वाटा आहेत: चूक माहीत नव्हती हे दाखवणं, विभक्त झालेल्यांनी जबाबदारी वाटून घेणं, आणि एकूण परिस्थिती पाहता भार टाकणं अन्याय्य ठरेल हे पटवणं. जोडीदाराचा छळ, धाक यांचाही विचार होतो. म्हणजे बघा, 'दोघं मिळून एक' हे तत्त्व कर वाचवताना गोड लागतं. कर्ज वसूल करताना त्याची दुसरी बाजू दिसते.

आणि तिसरी गोष्ट, ज्यांना ही चौकट नाकारलेली होती त्यांची. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर आणि थिया स्पायर यांनी २००७ मध्ये टोरांटोत लग्न केलं. २००९ मध्ये थिया गेल्या. केंद्र सरकार हे लग्न मानत नसल्यामुळे एडिथ यांना वारसाकर म्हणून ३,६३,०५३ डॉलर भरावे लागले. नवरा गेला असता तर शून्य. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या, आणि त्याच वर्षी करखात्याने समलिंगी विवाहितांना विवाहित म्हणून विवरणपत्र भरायला सांगितलं. खटला वारसाकराचा होता. पण निकालाचा अर्थ कराच्या रकमेपेक्षा फार मोठा होता.

मग आज निवड कशी करतात? बहुसंख्य जोडपी संयुक्त भरतात, कारण स्वतंत्र भरणाऱ्याच्या पुष्कळ सवलती जातात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट नाही, उच्च शिक्षणाची करसवलत नाही. एकाने खर्च तपशीलवार दाखवले तर दुसऱ्यालाही तसंच करावं लागतं. तरी स्वतंत्र भरण्याला कारणं आहेत. एकाचा दवाखान्याचा खर्च मोठा असेल, कारण तो कमाईच्या ७.५ टक्क्यांच्या वर गेला तरच वजा होतो आणि एकट्याच्या कमाईवर ती मर्यादा लवकर ओलांडली जाते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता कमाईवर ठरत असेल, तर काही योजनांत स्वतंत्र भरल्यास जोडीदाराची कमाई मोजत नाहीत. आणि सर्वांत मोठं कारण, जोडीदाराच्या हिशेबावर विश्वास नसणं. इथे एक नियम फार शहाणा आहे. स्वतंत्र भरलं असेल तर साधारण तीन वर्षांच्या आत संयुक्त करता येतं. पण संयुक्त भरून मुदत उलटली, की स्वतंत्र करता येत नाही. एकत्र यायला दार उघडं, मागे फिरायला बंद.

आपली मुलं-पुतणे तिकडे आहेत, त्यांच्याही दोन गोष्टी. नवरा न्यू जर्सीत नोकरीला, बायको अजून पुण्यात. संयुक्त भरता येतं, पण मग बायकोला त्या देशाची रहिवासी मानावं लागतं, आणि तिचं पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, बँकेचं व्याज, सगळं अमेरिकेच्या हिशेबात येतं. तिकडे गेल्यावरही बराच काळ आश्रित व्हिसावर आलेल्या बायकांना कामाची परवानगी नव्हती. २०१५ पासून त्यांतल्या काहींना मिळाली. परवानगी नसलेल्या घरात कमावणारा एकच, म्हणजे संयुक्त विवरणपत्राचं बक्षीस पूर्ण. शिकल्यासवरलेल्या बाईला सक्तीने घरी बसवल्यावर मिळणारी सवलत, असा त्याचा दुसरा अर्थ. आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेलं जोडपं स्वतंत्र भरू म्हणालं, तर सामाईक कमाई अजूनही निम्मी निम्मी वाटून दाखवावी लागते. सीबॉर्नचा निकाल अजून जिवंत आहे.

बाकीच्या जगाने काय केलं? ब्रिटनमध्ये बायकोची कमाई करापुरती नवऱ्याचीच समजली जायची. हे थेट १९९० मध्ये बंद झालं. स्वीडनने १९७१ मध्ये प्रत्येकाला वेगळं मोजायला सुरुवात केली. जर्मनीत १९५७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने जोडप्याची कमाई एकत्र करून जास्त कर लावणं रद्द केलं, आणि १९५८ पासून तिथे अर्ध्या-अर्ध्याची पद्धत आली. आपण भारतात माणूस वेगळा मोजतो. पण नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं उत्पन्न नवऱ्याच्याच मिळकतीत धरतो, आणि शेजारी हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र करदाताही मानतो. म्हणजे एकाच कायद्यात माणूसही आणि घरही.

माझं मत विचाराल तर, पेच सुटणारा नाही हे मान्य करून मी माणूस मोजण्याच्या बाजूचा आहे. घरात पैसा खरोखर वाटला जातो की नाही, हे सरकारला बाहेरून कळत नाही. जे कळत नाही ते गृहीत धरून कायदा केला, की चूक नेहमी एकाच बाजूवर पडते: ज्याच्या हातात पैसा नाही त्याच्यावर. मात्र घर सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या श्रमाचं मोल वेगळ्या वाटेने, तिच्या स्वतःच्या नावाने दिलं पाहिजे; नवऱ्याच्या करात सूट देऊन नव्हे. यावर मतभेद होतील, व्हायलाच हवेत.

आणि एक साधी विनंती. अमेरिकेत असो वा इथे, जोडीदाराने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचा. प्रेम कमी होत नाही वाचल्याने.

 आता प्रश्न घेऊ.